'पर्यंत' म्हणजे कुठपर्यंत? प्रोग्रॅमिंगचं कोडं वाचायचं कसं आणि दोन उत्तरं ताडून पाहायची कशी

परळच्या एका अभ्यासिकेत रविवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण प्रोग्रॅमिंगची कोडी सोडवायला बसतो. बहुतेक मुलंमुली कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची, दोघं-तिघं नोकरी सांभाळून शिकणारे. एका रविवारी मी त्यांना लोकल गाड्यांवरचं एक कोडं रचून दिलं. तासाभराने दोन प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर आले. कागदावरच्या नमुन्याला दोन्ही बरोबर उत्तर देत होते आणि दोघांची पद्धतही एकच होती. मी बाजूला ठेवलेल्या चाचण्यांत मात्र एक पास झाला, दुसरा नापास. ओळ न् ओळ शेजारी ठेवून पाहिली तेव्हा फरक निघाला एका चिन्हाचा. एकीने 'लहान किंवा बरोबर' लिहिलं होतं, दुसऱ्याने नुसतं 'लहान'.

"ताई, नमुन्याचं उत्तर तर जुळतंय. मग माझं चुकलं कुठे?" त्याने विचारलं.

प्रश्न अगदी रास्त होता, आणि नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतोच. त्या संध्याकाळी आम्ही जे केलं तेच इथे पायरी-पायरीने लिहिते आहे. आधी कोडं बघा.

कोडं

एका टर्मिनसवर दिवसभरात 'न' (इनपुटमध्ये दिलेला एक आकडा) इतक्या गाड्या येतात. प्रत्येक गाडीची येण्याची आणि सुटण्याची वेळ दिली आहे. गाडी आल्यापासून सुटण्याच्या वेळेपर्यंत एक प्लॅटफॉर्म तिच्याकडे असतो. एकाही गाडीला बाहेर थांबावं लागू नये यासाठी कमीत कमी किती प्लॅटफॉर्म लागतील?

इनपुट: पहिल्या ओळीत न. पुढच्या न ओळींत प्रत्येकी दोन वेळा, २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे, तास आणि मिनिटं दोन-दोन अंकांत.

अटी: न किमान १, कमाल १,००,०००. सगळ्या वेळा ००:०० ते २३:५९ मधल्या. येण्याची वेळ सुटण्याच्या वेळेच्या आधीची किंवा तीच. प्रोग्रामला वेळ २ सेकंद.

नमुना:
३
०९:०० ०९:१०
०९:१० ०९:२५
०९:२० ०९:३०

उत्तर: २

पहिली पायरी: कीबोर्डला हात लावू नका, आणि वाचायला खालून सुरुवात करा

नवीन माणूस गोष्ट वाचतो, नमुना बघतो आणि कोड लिहायला लागतो. मधल्या अटी त्याला औषधाच्या बाटलीवरच्या बारीक अक्षरांसारख्या वाटतात. मी उलट करायला सांगते. आधी अटी वाचा, मग इनपुट कसं येणार ते, मग शेवटचा प्रश्न आणि सगळ्यात शेवटी गोष्ट. अटी वाचल्यावर कोडं किती मोठं आहे आणि कुठल्या वाटा बंद आहेत हे गोष्टीच्या आधीच कळतं.

वरच्या अटींतून काय निघतं बघा. न एक लाखापर्यंत आहे, म्हणजे प्रत्येक गाडी प्रत्येक गाडीशी ताडून पाहिली तर एक हजार कोटी तुलना होतील. सी प्लस प्लससारख्या भाषेत सेकंदाला साधारण दहा कोटी साध्या क्रिया होतात असा ढोबळ हिशेब धरतात. त्या हिशेबाने शंभर सेकंद लागतील, आणि आपल्याकडे आहेत दोन. पायथनमध्ये तर त्याच्या कितीतरी पट. एक ओळही न लिहिता एक वाट बंद झाली.

दुसरं, वेळा फक्त मिनिटांत आहेत. दिवसात मिनिटं १,४४०. गाड्या लाखभर असल्या तरी वेगवेगळ्या वेळा १,४४०च. हे वहीत टिपून ठेवा, पुढे कामाला येईल.

तिसरं, येण्याची वेळ सुटण्याच्या वेळेनंतरची कधीच नसते. एका मुलीला शंका होती, "ताई, २३:५५ला आलेली गाडी मध्यरात्रीनंतर सुटली तर?" मुंबईत राहणाऱ्याला ही शंका यायलाच हवी, आपली शेवटची लोकल तारीख बदलल्यावरच सुटते. पण इथे अटीनेच ती वाट बंद केली आहे. जे अटीत बसत नाही त्यासाठी कोड लिहू नका. आणि दुसऱ्या एखाद्या कोड्यात ही अट नसेल, तर मध्यरात्र हा तुमचा पहिला प्रश्न असायला हवा.

गोष्टीतली मुंबई आणि आपली मुंबई

हे वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे लोकलची माहिती जास्त असणं हाच इथे अडसर होतो. एकाने ठामपणे सांगितलं, "सीएसएमटीला सगळे मिळून १८ प्लॅटफॉर्म आहेत, म्हणजे उत्तर १८च्या वर जाणार नाही." त्याने तेवढ्याच आकाराचा ॲरे, म्हणजे आकडे ओळीने ठेवायच्या जागा, घेतला होता. दुसरीचं म्हणणं, चर्चगेटला चारच प्लॅटफॉर्मवर पश्चिम रेल्वेच्या लोकल फिरतात, एक गाडी निघून दुसरी आत येईपर्यंत सिग्नलसाठी मध्ये वेळ ठेवावाच लागतो, तो धरायला हवा.

दोघांची माहिती खरी आहे, पण कोड्यात ती नाही. कोड्यातल्या टर्मिनसवर एक लाख गाड्या एकाच मिनिटाला येऊ शकतात आणि तेव्हा उत्तर एक लाख येईल. अटींना ते मान्य आहे. विधानात जे लिहिलंय तेवढंच खरं, आणि जे लिहिलं नाही ते आपल्या डोक्यातून आलेलं आहे. म्हणून गोष्ट वाचून झाली की नावं पुसून टाका. गाडी म्हणजे दोन आकडे आणि त्यांच्यामधलं वेळेचं अंतर, प्लॅटफॉर्म म्हणजे एकाच वेळी चालू असलेल्या अंतरांची संख्या. "दिलेल्या अंतरांपैकी जास्तीत जास्त किती एकाच क्षणी चालू असतात?" हे एका वाक्यात, स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा. असं वाक्य लिहिता येत नसेल तर विधान अजून समजलेलं नाही. ते पुन्हा वाचा.

आणखी एक गोष्ट. नमुन्यात गाड्या वेळेच्या क्रमाने आहेत, पण विधानात तसं वचन कुठेही नाही. नमुना म्हणजे अट नव्हे. मी बाजूला ठेवलेल्या चाचण्यांत गाड्या मुद्दाम विस्कटून दिल्या होत्या. क्रम गृहीत धरणारे आणखी दोन प्रोग्राम तिथेच पडले.

दुसरी पायरी: छोटे शब्द पेन्सिलने अधोरेखित करा

कोड्यात माणूस मोठ्या शब्दांवर अडत नाही. 'पर्यंत', 'आत', 'मधे', 'किमान', 'सलग', 'वेगवेगळे', 'कोणताही एक' अशा छोट्या शब्दांवर अडतो. 'सलग'चंच घ्या. १, ५, २, ८ या यादीतून सलग तुकडा मागितला तर ५, २ चालेल, १, ८ चालणार नाही. "क्रम न बदलता काही आकडे निवडा" असं म्हटलं तर १, ८ही चालेल. या दोन कोड्यांची उत्तरं काढायच्या पद्धती पूर्ण वेगळ्या आहेत, आणि फरक एका शब्दाचा.

आता 'पर्यंत'. आपल्या बोलण्यात मोजणीच्या दोन रीती शेजारी-शेजारी नांदतात. "आठ दिवसांनी ये" असं आई रविवारी म्हणाली तर आपण पुढच्या रविवारीच जातो, सोमवारी नाही. दिवस गेले सात, पण आजचा रविवारही मोजला म्हणून आठ. 'पंधरा दिवस' म्हणजे दोन आठवडे, तेही त्याच रीतीने. दुसरीकडे चर्चगेटहून दादर कितवं असं कुणी विचारलं की उत्तर ऐकणाऱ्यावर ठरतं. चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर. नावं नऊ, पण मधली अंतरं आठ. चर्चगेट मोजायचं की नाही? 'चर्चगेटपासून दादरपर्यंत' या शब्दांत त्याचं उत्तर नाही.

प्रोग्रॅमिंगच्या भाषांतही हीच दुफळी आहे. पायथनमधली आकड्यांची ओळ बनवणारी रेंज शेवटचा आकडा घेत नाही, ० ते १० म्हटलं की ९ला थांबते. डेटाबेसमधून माहिती काढायच्या एस्क्यूएल या भाषेतलं बिटवीन मात्र दोन्ही टोकं घेतं. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ साली एका छोट्या टिपणात सुरुवात धरायची, शेवट सोडायचा ही रीत का सोयीची ते मांडलं होतं. लांबी म्हणजे सरळ वजाबाकी येते, आणि एका अंतराचा शेवट हीच पुढच्याची सुरुवात होते, मधे काही उरत नाही की दोनदा मोजलं जात नाही. सोयीची रीत आहे, मीही तीच वापरते. पण ती सवय विधान वाचताना घेऊन बसलात की धोका. पायथन शिकलेला मुलगा 'पर्यंत' वाचताना शेवट सोडून वाचतो, डेटाबेसवर काम केलेली मुलगी शेवट धरून वाचते, आणि आपण एक बाजू निवडली हे दोघांनाही जाणवत नाही.

मी स्वतः हे महागात शिकले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कंपनीत "३१ मार्चपर्यंत सवलत" असं काम माझ्याकडे आलं. मी तारीख बिटवीनने तपासली. दोन्ही टोकं धरली जातात, म्हणून निश्चिंत होते. पण वेळ न दिलेली '३१ मार्च' ही तारीख यंत्र ३१ तारखेचे ००:०० अशी वाचत होतं. ३० तारखेची मध्यरात्र उलटल्यावर सवलत बंद झाली आणि ३१ला दिवसभर गिऱ्हाइकांचे फोन येत राहिले. काम देणाऱ्याला मी एक प्रश्न विचारायला हवा होता: ३१च्या रात्री साडेअकराला ऑर्डर आली तर सवलत मिळणार का? तेव्हापासून 'पर्यंत' दिसला की मी थांबते.

तिसरी पायरी: दोन वाचनं वेगळी पाडणारा इनपुट शोधा

आता मूळ तंट्याकडे येऊ. "सुटण्याच्या वेळेपर्यंत प्लॅटफॉर्म तिच्याकडे असतो." पहिलं वाचन: ०९:१०ला सुटणारी गाडी ०९:१० हे मिनिटही अडवते, म्हणून ०९:१०ला येणाऱ्या गाडीला दुसरा प्लॅटफॉर्म लागेल. दुसरं वाचन: ०९:१०ला जागा मोकळी, येणारी गाडी तिथेच लागेल.

नमुन्यात पहिली गाडी ०९:१०ला सुटते आणि दुसरी ०९:१०लाच येते. त्यामुळे वाटतं की नमुन्यानेच निकाल लावला असेल. दोघांनीही तसंच मानलं होतं. चौकटीच्या वहीत आडव्या रेघा काढून बघा. पहिल्या वाचनाने ०९:१०ला दोन गाड्या, ०९:२०ला पुन्हा दोन. उत्तर २. दुसऱ्या वाचनाने ०९:१०ला एकच गाडी, पण ०९:२०ला दुसरी आणि तिसरी मिळून दोन. उत्तर पुन्हा २. नमुन्यात बरोबरीची वेळ आहे, तरी तिसऱ्या गाडीने ती झाकून टाकली. नमुन्याशी जुळलेल्या उत्तराने इथे काहीच सिद्ध होत नाही.

तिसरी ओळ पुसा:

२
०९:०० ०९:१०
०९:१० ०९:२५

आता पहिलं वाचन २ सांगतं, दुसरं १. हाच तो इनपुट, ज्याच्यावर दोन्ही वाचनांची फारकत होते. शंका आली की असा, शक्य तितका लहान इनपुट हाताने बनवायचा. "मला विधान नीट कळलं नाही" असं म्हणत बसण्यापेक्षा "या दोन ओळींना उत्तर १ की २?" हा प्रश्न हातात असणं कितीतरी बरं.

चौथी पायरी: उत्तर विधानातच आहे का ते शोधा, नसेल तर विचारा

बऱ्याचदा ते असतं, फक्त भलत्याच ठिकाणी. इथे अटींतलं येण्या-सुटण्याच्या वेळांचं वाक्य पुन्हा वाचा: येण्याची वेळ सुटण्याच्या वेळेच्या आधीची *किंवा तीच*. म्हणजे ०९:१०ला येऊन ०९:१०लाच सुटणारी गाडी चालते. न १ असेल आणि इनपुटमध्ये ही एकच गाडी असेल तर उत्तर काय?

शेवट धरून वाचलं तर गाडी ०९:१० हे एक मिनिट अडवते, उत्तर १. शेवट सोडून वाचलं तर गाडी एकही मिनिट अडवत नाही, उत्तर ०. गाडी आली, गेली आणि प्लॅटफॉर्म लागलाच नाही, हे "प्लॅटफॉर्म तिच्याकडे असतो" या वाक्याशी जुळत नाही. म्हणून शेवट धरायचा. इथे निकाल गोष्टीतल्या शब्दाने लावला नाही, अटीतल्या दोन शब्दांनी लावला. मुलांना हे दाखवलं तेव्हा नापास झालेल्या मुलाने आपला प्रोग्राम याच एका गाडीवर चालवून पाहिला. मोजणी उणे एकवर गेली आणि पुढच्या पावलाला ॲरेच्या बाहेरचं वाचायला जाऊन प्रोग्राम बंद पडला. विधानात नसलेला अर्थ कोडमध्ये शिरला होता, त्याची ही खूण.

अटींतूनही निकाल लागत नसेल तर विचारा. स्पर्धांत प्रश्न विचारायची सोय असते, पण विचारायची एक रीत आहे. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमध्ये शंकेला परीक्षकांकडून बहुधा 'हो', 'नाही', 'उत्तर विधानात आहे' अशी ठरावीक उत्तरंच येतात. म्हणून प्रश्नच असा करायचा की 'हो' किंवा 'नाही' म्हणून काम भागेल: "एक गाडी ज्या मिनिटाला सुटते त्याच मिनिटाला दुसरी गाडी त्याच प्लॅटफॉर्मवर येऊ शकते का?" घरी सराव करताना विचारायला कुणी नसेल, तर तुम्ही घेतलेला अर्थ कोडच्या पहिल्या ओळीत टिप्पणी म्हणून लिहून ठेवा. सरावाला जागा पुष्कळ आहेत. कोडशेफ ही साइट मुंबईच्याच डायरेक्टी कंपनीने २००९ मध्ये सुरू केली, आणि तिथे अगदी सोप्यापासून कोडी आहेत.

पाचवी पायरी: उत्तरं शेजारी ठेवा

हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि नवशिके तो सर्रास गाळतात. चाचण्या पास झाल्याची हिरवी खूण दिसली की पुढच्या कोड्याकडे. तसं करू नका. या एका कोड्याची आमच्याकडे त्या संध्याकाळी चार उत्तरं जमली होती.

पहिलं, सगळ्यांत साधं. प्रत्येक गाडीच्या येण्याच्या मिनिटाला थांबायचं आणि त्या मिनिटाला किती गाड्या उभ्या आहेत ते सगळी यादी चाळून मोजायचं. सगळ्यांत मोठी मोजणी म्हणजे उत्तर. फक्त येण्याचीच मिनिटं का? कारण गर्दी वाढते ती गाडी आल्यावरच, सुटल्यावर ती कमीच होते. एक लाख गाड्यांना हे चालणार नाही, हिशेब वर केलाच आहे. पण हा प्रोग्राम फेकू नका.

दुसरं, मिनिटांचे डबे. १,४४० मिनिटांचे डबे ओळीने मांडायचे. गाडी आली त्या डब्यात अधिक एक, सुटली त्याच्या *पुढच्या* डब्यात उणे एक. शेवटी डावीकडून बेरीज करत जायचं, वाटेतली सगळ्यांत मोठी बेरीज हे उत्तर. लाख गाड्यांना दोन लाख नोंदी आणि दीड हजाराच्या आत बेरजा, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम झालं. एक खाच आहे: २३:५९ म्हणजे १,४३९ क्रमांकाचा डबा, त्याच्या पुढचा १,४४०. डबे शून्यापासून मोजले तर १,४४१ हवेत. ज्याने १,४४० घेतले त्याचा प्रोग्राम दिवसाच्या शेवटच्या मिनिटाला कोसळला.

तिसरं, क्रम लावून. येण्याच्या सगळ्या वेळा एका यादीत चढत्या क्रमाने, सुटण्याच्या दुसरीत. दोन्हींच्या सुरुवातीला एकेक बोट. पुढची येण्याची वेळ पुढच्या सुटण्याच्या वेळेपेक्षा लहान किंवा बरोबर असेल तर मोजणी एकने वाढवा आणि पहिलं बोट सरकवा, नाहीतर एकने कमी करा आणि दुसरं सरकवा. नवख्यांना इथे धाकधूक वाटते, "दोन याद्या वेगवेगळ्या लावल्या तर कुठली गाडी कुठली ते कसं कळणार?" कळायची गरजच नाही. विचारलंय किती, कोण ते विचारलेलं नाही. सुरुवातीला सांगितलेले दोन प्रोग्राम हेच. नमुन्यावर दोन्ही चालवून मोजणी लिहा: 'लहान किंवा बरोबर' वाला १, २, १, २ असा जातो, नुसता 'लहान' वाला १, ०, १, २ असा. वाट वेगळी, शिखर एकच. फक्त शेवटचं उत्तर ताडलं म्हणून फरक दिसला नाही. मधल्या मोजण्या छापल्या असत्या तर दुसऱ्याच आकड्याला दिसला असता.

चौथं, हीप वापरून. हीप म्हणजे सगळ्यांत लहान आकडा कायम माथ्यावर ठेवणारी मांडणी. गाड्या येण्याच्या क्रमाने घ्यायच्या, आणि सध्या उभ्या असलेल्यांत सगळ्यांत आधी कोण सुटणार ते हीपच्या माथ्यावर ठेवायचं. नवी गाडी यायच्या आधीच ती सुटली असेल तर तिची जागा नव्या गाडीला, नाहीतर नवा प्लॅटफॉर्म.

आता ताडायचं काय? आधी हेच की चारही प्रोग्राम एकाच प्रश्नाचं उत्तर देताहेत का. विधानाचा अर्थ प्रत्येकात नेमका कुठे बसलाय ते बोट ठेवून दाखवा. पहिल्यात तो मोजणीच्या तुलनेत आहे, दुसऱ्यात "पुढच्या डब्यात" या अधिक एकमध्ये, तिसऱ्यात बरोबरीच्या चिन्हात आणि चौथ्यात "यायच्या आधीच" या तुलनेत. एकच वाक्य, चार ठिकाणी चार रूपांत. हे दाखवता आलं नाही तर वेगाची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं शर्यतीला लावल्यासारखं होईल.

मग वेग. इथे डबे जिंकतात, पण अटींमुळे. वेळा मिनिटांऐवजी सेकंदांत दिल्या तरी ८६,४०० डबे, हरकत नाही. वेळ शंभर कोटीपर्यंतचा कुठलाही आकडा असेल असं म्हटलं की तेवढे डबे मांडणं परवडत नाही. क्रम लावणाऱ्या उत्तराला त्याने काही फरक पडत नाही. लाख वेळांची एक यादी लावायला साधारण सतरा लाख तुलना, दोन याद्यांना चौतीस लाख, म्हणजे दोन सेकंदांत आरामात. म्हणून "कुठलं उत्तर चांगलं?" असं मला कुणी विचारलं की मी आधी अटी मागते.

मोजताना आणखी एक. लाख ओळी ओळी-ओळीने वाचायलाच पायथनचा बराच वेळ जातो. सगळा इनपुट एकदम वाचा, आणि वेळ तीन-चारदा मोजा. एकदाच मोजलेल्या वेळेवर भांडू नका.

सहावी पायरी: हळू पण साधा प्रोग्राम कामाला लावा

पहिला प्रोग्राम फेकू नका म्हटलं ते यासाठी. एक छोटा प्रोग्राम लिहा, जो आपोआप गाड्यांच्या वेळा बनवेल, त्या साध्या आणि वेगवान अशा दोन्ही प्रोग्रामांना देईल आणि उत्तरं जुळली नाहीत की थांबेल. हजार वेळा चालवा.

वेळा बनवताना मात्र दिवसभर पसरवू नका. पाच गाड्या १,४४० मिनिटांत विखुरल्या तर एकीची सुटण्याची वेळ दुसरीच्या येण्याच्या वेळेशी जुळणं शंभरात एखाद-दोनदाच होईल. त्याऐवजी गाड्या दोन ते पाच आणि वेळा ०९:०० ते ०९:०६ एवढ्याच घ्या. वेळा सारख्या एकमेकींवर आदळतील, आणि खोट असेल तर काही क्षणांत सापडेल. नापास झालेल्या मुलाने हे केलं तेव्हा अर्ध्या मिनिटात त्याच्या स्क्रीनवर दोन गाड्यांचा इनपुट उभा राहिला, वर आम्ही हाताने बनवला तसाच.

यातली एक पळवाट मात्र बुजवायला हवी. दोन्ही प्रोग्राम तुम्हीच लिहिले, तर 'पर्यंत'चा तुमचा चुकीचा अर्थ दोन्हींत सारखाच शिरेल. हजार वेळा उत्तरं जुळतील आणि हजारही वेळा चुकलेली असतील. म्हणून आम्ही साधा प्रोग्राम नेहमी दुसऱ्याकडून लिहून घेतो, त्याने तुमचा कोड बघायचा नाही, फक्त विधान वाचायचं. मैत्रीण नसेल हाताशी तर निदान एक दिवस मध्ये जाऊ द्या आणि साधा प्रोग्राम कोऱ्या मनाने, विधानाची ओळ समोर ठेवून लिहा.

पुढच्या रविवारचं काम

विधानात एक ओळ वाढवते: "प्रत्येक गाडीला मिळालेला प्लॅटफॉर्म क्रमांकही छापा. बरोबर उत्तरं अनेक असतील तर कोणतंही एक चालेल." पहिल्या तीन उत्तरांना गाडी कुठली तेच माहीत नाही किंवा जागा वाटायची सोय नाही, हीपवालं मात्र थोड्या बदलाने टिकतं. हीपमध्ये सुटण्याच्या वेळेसोबत क्रमांकही ठेवला की झालं.

पण ताडून पाहायची रीत आता बदलावी लागते. 'कोणतंही एक' म्हटलंय, म्हणजे तुमचं आणि शेजारणीचं उत्तर अक्षर न् अक्षर वेगळं असूनही दोन्ही बरोबर असू शकतात. उत्तरं एकमेकांशी ताडण्याऐवजी तपासणारा तिसरा प्रोग्राम लागेल. तो दोनच गोष्टी बघेल: वापरलेले प्लॅटफॉर्म आधीच्या उत्तराइतकेच आहेत का, आणि एकाच प्लॅटफॉर्मवरच्या लागोपाठच्या दोन गाड्यांत पहिलीची सुटण्याची वेळ दुसरीच्या येण्याच्या वेळेपेक्षा लहान आहे का. 'लहान' की 'लहान किंवा बरोबर', हे लिहिण्याआधी विधानातली 'पर्यंत'ची ओळ आणि अटीतलं 'किंवा तीच' पुन्हा एकदा उघडून बघा.